वापरातलं

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नसत, कपड्यांकडे बघत. संस्थेने वाईहून माझी बदली सांगलीच्या शाळेत केली, तेव्हा पहिल्याच दिवशी मला हा प्रसाद मिळाला. स्टाफरूममध्ये मी अंग चोरून बसले होते. समोरच्या खुर्चीवरचे गृहस्थ माझ्या साडीकडे एकटक बघतायत हे लक्षात आलं तेव्हा मी पदर आवरला आणि चांगलेच डोळे वटारून पाहिलं. ते जराही वरमले नाहीत.

"म्याडम, सुती हाय न्हवं? किती वर्सं नेसताय?"

"का?" मी म्हटलं.

"न्हाई, अजून थोडी वर्सं नेसा. मग इचारतो."

एवढं बोलून ते तासावर निघून गेले. शेजारच्या गणिताच्या बाईंनी हसू दाबत सांगितलं, "घाबरू नका. बाजारात बकरं हेरतात तसं ते कापड हेरतात. मुलांच्या दवाखान्यासाठी."

मिरजेच्या रस्त्याला एका धर्मादाय संस्थेचा लहान मुलांचा दवाखाना आहे. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्या पोरांवर तिथं मोफत उपचार होतात. दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं तर तिथं कायम. आमच्याकडे त्याला 'बाळ काचेत ठेवलंय' म्हणतात. माण, जत, कवठे महांकाळ, सगळीकडून आयाबाया येतात आणि काचेतल्या बाळाची वाट बघत व्हरांड्यात बसून राहतात. अशा बाळाच्या कातडीला साधा टॉवेलसुद्धा खरखरीत लागतो. त्याला हवं मऊ, धुऊन धुऊन जीर्ण होत आलेलं, पण अजून धड असलेलं सुती कापड, आणि तेही दिवसाकाठी ढीगभर. ते पुरवायचं काम सरांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. कुणी नेमलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

"पैसे का नाही गोळा करत?" मी एकदा विचारलं.

"पैशे देनारे हायेत की. काचंची पेटी देनारेबी हायेत. पेटीवर नाव घालता येतंय. दुपट्यावर कुनाचं नाव घालनार? आन घातलं तरी पोरगं त्येच्यावर काय करनार, ते सांगू का तुमाला?"

मी म्हटलं, नको, कळलं.

सर मूळचे माण तालुक्यातले. वडील मेंढरांमागे फिरलेले. सर शिकले, चित्रकलेची पदविका घेतली, सांगलीत नोकरीला लागले आणि माधवनगरला एका जुन्या चाळीत खोली घेऊन राहिले. बायको गावाकडे शेती सांभाळायची. तिनं म्हणे सरांच्या भीतीनं कपाटाला कुलूप लावलं होतं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली होती. इतकी वर्षं शहरात काढूनही सरांनी बोली सोडली नाही. वर्गात फळ्यावर कुंभाराचं चाक असं काढत की फिरतंय वाटावं, आणि सोबत सांगत, "बगा रं, गोल काडायचा न्हाई, गोल हुतोय तसा हू द्यायचा." आमच्या हेडसरांना हे बोलणं सहन होत नसे. हेडसर शुद्ध मराठीचे कैवारी. ते स्वतः बारा महिने टेरिकॉट वापरत, त्यामुळे सर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत.

सरांचं डोकं ठिकाणावर नाही असं बऱ्याच जणांचं मत होतं आणि त्याला आधारही होता. गणिताच्या बाईंच्या मुलाचं लग्न घ्या. आमच्या सांगली-साताऱ्याकडे लग्न म्हटलं की टॉवेल-टोपीचा सत्कार आलाच. माइकवरून नावं पुकारायची, पाहुण्यानं पुढं यायचं, टोपी डोक्यावर, टॉवेल खांद्यावर, नारळ हातात. तो टॉवेल कधी कुणाचं अंग पुसत नाही. घडी न मोडता पुढच्या लग्नात जातो, तिथून पुढच्या. टॉवेल नुसता लग्नं करत फिरतो म्हणा ना. तर सरांचं नाव पुकारलं गेलं. ते वर गेले, टॉवेल हातात घेतला, घडी मोडली आणि शेजारचा पाण्याचा ग्लास त्यावर ओतला. पाणी टॉवेलवरून जे घरंगळलं ते थेट व्याह्यांच्या नव्या बुटात.

"ह्यो पान्याला भितोय," सर म्हणाले, आणि माइक चालू होता.

मांडव हसला. व्याह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गणिताच्या बाई पुढं कितीतरी दिवस सरांशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी हेडसरांनी सरांना बोलावून घेतलं. मी तिथंच होते.

"सर, धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात."

"घेनाऱ्यानं मोजायचं न्हाईत," सर म्हणाले. "देनाऱ्यानं मोजाय नगोत व्हय?"

हेडसरांनी पुढ्यातलं हजेरीपुस्तक उघडलं.

पण खरा घोळ झाला तो थंडीच्या तोंडावर. थंडी पडली की काचेतल्या बाळांना पांघरायला, अंथरायला जास्त कापड लागतं. सरांनी हेडसरांना गळ घातली की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाका. स्वतः कागदावर लिहून दिलं : 'मुलांच्या दवाखान्यासाठी घरातलं वापरातलं सुती कापड द्यावं.' हेडसरांनी ते वाचलं. 'वापरातलं' हा त्यांना सरांचा गावठीपणा वाटला. त्यांनी तो शुद्ध केला आणि निरोप टाकला : 'वापरलेले कापड द्यावे.'

आठवड्याभरात चित्रकलेच्या खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स, नायलॉनच्या साड्या, पडदे, उसवलेले स्वेटर, एकेकटे मोजे. कुठल्याशा निवडणुकीतली उपरणी होती, दोन्ही पक्षांची. लोकांनी दिवाळीत न झालेली माळ्याची सफाई आता पुण्य म्हणून उरकून घेतली होती. सर त्या ढिगापुढं मांडी घालून बसले होते आणि एकेक कपडा उचलून बाजूला ठेवत होते. रागावले नव्हते. त्यांचा चेहरा पडला होता.

मी मराठीची शिक्षिका. मला राहवेना. मी हेडसरांना जाऊन सांगितलं की तुम्ही शब्द बदललात, अर्थ बदलला.

"वापरलेले काय आणि वापरातले काय, अर्थ एकच," हेडसर म्हणाले.

मी परत येऊन सरांना ते सांगितलं. सर म्हणाले, "एक कसा हुईल? वापरलेलं म्हंजी ज्येचं आपल्याकडचं काम सपलं. वापरातलं म्हंजी काम चालू हाय. आज दिलं तर उद्या घरात कुनीतरी इचारील, कुटं गेलं रं ते?"

मी इतकी वर्षं व्याकरण शिकवते. धातुसाधितं फळ्यावर लिहून मुलांकडून घोकून घेते. हा फरक मला इतका सोपा करून सांगता आला नसता.

त्या ढिगात एक चादर मात्र निघाली. निळ्या चौकडीची, कडेला थोडी विरलेली आणि अजून दमट. कुणीतरी सकाळी दोरीवरून काढून थेट आणली होती. सरांनी ती गालाला लावली आणि तशीच धरून बसले. "आज रातच्याला त्या घरात निजताना कुनाचा तरी हात हिला शोधनार," ते म्हणाले. "आसं पायजे. दिल्यावर हात गेला पायजे त्या जागंला. हात गेला न्हाई तर दिलं न्हाई, नुसतं टाकलं."

'हात गेला पायजे' ही त्यांची कसोटी. ती त्यांनी मलाही लावली. मी आधी हौसेनं दुकानातून भारीपैकी नवे टॉवेल आणून दिले होते. ते त्यांनी सौजन्यानं परत केले. "नवं खरबरीत असतंय म्याडम. आपन आपल्या घरात तरी बाळाला पयलं नवं घालतो व्हय? आजीचं लुगडं, आजाचं धोतर, त्येच की." मग मी कपाटासमोर उभी राहिले. माझी एक फिकट निळी सुती साडी होती. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून दर शनिवारी हात आपोआप तिच्याकडं जायचा. सरांनी पहिल्या दिवशी हेरलेली ती हीच. मी ती धुतली, घडी घातली आणि नेऊन दिली. पुढच्या शनिवारी पहाटे कपाट उघडून मी त्या रिकाम्या जागेकडं बघत उभी राहिले. शाळेत जाऊन सरांवर चिडलेसुद्धा. ते इतके खूश झाले की मला आणखी राग आला.

मग एकदा ते मला त्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या सिस्टर कवठे महांकाळच्या, आडव्या बांध्याच्या, तोंडानं फटकळ. सरांनी गाठोडं सोडलं की त्या एकेक कापड मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघत. "हे घेते. हे न्हाई. हे कुनी दिलं? त्येलाच पांघराय सांगा." निवडलेलं कापड उकळून, यंत्रात घालून निर्जंतुक केल्याशिवाय बाळाजवळ जात नसे. त्यांनी मला काचेबाहेरून आत बघू दिलं. ओंजळीत मावेल एवढं बाळ होतं. नाकात नळी, डोक्याला टोपरं. माणमधल्या एका बाईचं, सिस्टर म्हणाल्या, आई तिकडं भिंतीला टेकून बसलीय बघा. बाळाच्या अंगाखाली फिकट निळं काहीतरी होतं. मी निरखून बघितलं. काठाची बारीक रेघ ओळखीची होती. मला तिथं रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. इतक्या वर्षांत मी देवळात, वर्गण्यांत, पूरग्रस्तांना काय काय दिलं असेल. त्यातलं एकही नंतर मला कुठं दिसलं नव्हतं आणि आठवलंही नव्हतं.

परत येताना रिक्षाच्या थांब्यावर मी सरांना विचारलं. माझा स्वभाव असा की मन भरून आलं की जीभ तिखट होते.

"सर, सगळ्या गावाचं वापरातलं मागता. आबांचा फेटा कधी देणार?"

आबा म्हणजे त्यांचे वडील. तो फेटा मी बघितला होता. सरांच्या गावच्या जत्रेला एकदा आम्ही सगळे जेवायला गेलो होतो, तेव्हा सरांनी ट्रंकेतून, डांबरगोळ्यांच्या वासातून, एक पांढरा फेटा काढून बांधला होता. वर्षातून त्या एका दिवशीच तो ट्रंकेबाहेर निघायचा. मलमल. आबांनी वर्षानुवर्षं धुतलेली, उन्हात वाळवलेली. सरांच्या संगतीत माझीही नजर तयार झाली होती. आख्ख्या सांगलीत एवढं मऊ कापड दुसरं नसेल हे मला बघताक्षणी कळलं होतं.

रिक्षा आली, आम्ही बसलो. माधवनगर येईपर्यंत ते बोलले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तेव्हाही नाही आणि आजही नाही. प्रश्न बरोबर होता.

उतरताना ते म्हणाले, "त्यो वापरातला न्हाई म्याडम. त्यो ठेवनीतला हाय."

काही दिवसांनी, मधल्या सुट्टीत, आपण होऊन त्यांनी सांगितलं. त्यांचा जन्मही दिवस भरायच्या आतला. आई-वडील मेंढरं घेऊन घाटाच्या तोंडाशी होते, कुणाच्या तरी शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती आणि थंडी मरणाची. "आबांनी डोक्याचा फेटा सोडला, मला गुंडाळलं आन छातीला बांधलं. कोकरागत. म्हयनाभर उघड्या डोक्यानं फिरले. त्या मानसाला लोकांनी उघड्या डोक्याचं कवा बगितलं नव्हतं. माजी काच म्हंजी आबांची छाती आन त्यो फेटा."

"हाच तो?"

"न्हाई. त्येची पुढं भावंडांसाटी दुपटी झाली, फाटून गेला. ह्यो आबांचा शेवटचा. ह्याच्यात त्येंचं डोकं हाय. आता सांगा, कसा देऊ?"

मी म्हटलं, नका देऊ. मनापासून म्हटलं. काही गोष्टी माणसानं ठेवाव्यात, एवढं मलाही कळतं.

त्यांच्या निवृत्तीला तेव्हा एक वर्ष राहिलं होतं. जूनमध्ये शाळा उघडली आणि सर डोक्याला आबांचा फेटा बांधून हजर. शर्ट-पॅन्ट आणि वर पांढरा फेटा. मुलं वेडी झाली. "पाटील आले, पाटील आले!" स्टाफरूममध्ये तर महिनाभर दुसरा विषय नव्हता. हेडसरांनी गणवेशाचा नियम काढला, तो शिक्षकांना लागू नाही असं निघालं. सर रोज तो बांधून येत. सायकलवरून येताना घाम, फळ्यापाशी खडूची पूड, हात धुतले की सवयीनं त्याच्या लोंबत्या टोकानं तोंड पुसणं. दर रविवारी माधवनगरच्या चाळीच्या कठड्यावर तो वाळत पडलेला दिसे, पार जिन्यापर्यंत लोंबत. बोलता बोलता हात वर जाई, फेटा सारखा केला जाई. विचार करताना हात वर. कुणी हाक मारली की हात वर.

मला वाटलं, सरांनी पळवाट काढली. ठेवणीतलं म्हणून देता येत नाही, आता वापरातलं म्हणून आणखीच देता येणार नाही. मी मनातल्या मनात त्यांना माफही करून टाकलं. आपण कोण माफ करणारे, पण माणसाला तसं वाटतं खरं.

निरोपाच्या समारंभाला हेडसरांनी खास फेटेवाला बोलावला होता. भगवे, गुलाबी, जरीच्या काठाचे तयार फेटे. फेटेवाला सरांपाशी आला आणि घुटमळला, कारण डोक्यावर आधीच एक होता.

"थांब गड्या," सर म्हणाले. "धरा म्याडम हे टोक."

त्यांनी फेटा सोडायला सुरुवात केली. मी टोक धरून मागं मागं सरकत गेले, खुर्च्यांच्या रांगांमधून, दारापर्यंत. सगळा हॉल बघत होता. शेवटचा वेढा सुटला तेव्हा सरांचं डोकं दिसलं, विरळ पांढरे केस घामानं चिकटलेले. वर्षभरात ते कुणी पाहिलं नव्हतं. फेटेवाल्यानं जरीचा फेटा पुढं केला. सरांनी तो हातानंच थांबवला.

"डोस्कं मोकळं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून त्या पांढऱ्या मलमलीची घडी घातली. घडी घालताना ते मला हळूच म्हणाले, "ट्रंकंतनं काडून दिला असता, तर मला काय कळलं असतं? वरीसभर डोक्याला सवय लावली आदी."

भाषण करायचं माझ्यावर होतं, ते दुसऱ्या कुणीतरी केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. सिस्टरनी कापड नेहमीसारखं मनगटाला लावलं, मग गालाला लावलं. "आगं बया," म्हणाल्या. "सर, हे कुनाचं?"

"वापरातलं हाय," सर म्हणाले. बाकी काही सांगितलं नाही.

सिस्टरनी कात्री घेतली. पहिला टर्र असा आवाज झाला तेव्हा सर खिडकीकडं तोंड करून उभे राहिले, आणि मग परत वळून, कापड ताणून धरायला स्वतः पुढं झाले.

त्यानंतर सर गावी गेले. मधे एकदा कापडाचं गाठोडं घेऊन सांगलीला आले होते, तेव्हा मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. दुपार होती. दहिवडीची गाडी लागली. सर गाठोडं दवाखान्यात देऊन मोकळ्या हातांनी उभे होते, गावाकडच्या दुष्काळाबद्दल काहीतरी सांगत होते. मागून कुणीतरी हाक मारली, "आवं सर!" आमचाच एक जुना विद्यार्थी असावा. सर वळले आणि त्यांचा हात वर गेला, फेटा सारखा करायला. बोटं उघड्या केसांवर टेकली आणि तिथंच थांबली.

मी ते बघितलं हे त्यांनी बघितलं. हात डोक्यावर तसाच ठेवून ते हसले. डोळे भरले होते, पण हसले.

"गेला का न्हाई हात?" ते म्हणाले.

"गेला, सर," मी म्हटलं.